श्वापदाची खूण, बोटाचा ठसा आणि मुलीची एफडी

नाशिकरोडहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. पत्रातला मुख्य भाग थोडा आटोपशीर करून देते:

"जय ख्रिस्त. आमचं घराणं तीन पिढ्या ख्रिस्ती. सासूबाईंचं माहेर शरणपूरचं. यजमान सातपूरला कारखान्यात आहेत. दीडेक वर्षापासून ते दर शुक्रवारी एका घरगुती सभेला जातात. तिथं बाहेरगावचा एक उपदेशक येतो, त्याची सगळी शिकवण प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकावर. यजमान रात्री-अपरात्री तसलेच व्हिडिओ पाहत बसतात. आधार म्हणजे श्वापदाची खूण, यूपीआय म्हणजे खूण नसलेल्याला खरेदी-विक्री बंद होण्याची सुरुवात, असं तो सांगतो. सासूबाईंच्या पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा आहे, तर यजमान त्यांना बोटाचा ठसा देऊ देत नाहीत. मुलगी बी.फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या फीसाठी आम्हा दोघांच्या नावावर ठेवलेली एफडी मोडून 'शेवटच्या काळाच्या कामाला' द्यायची म्हणतात. प्रभू आधीच येणार, तर डिग्री कशाला? धाकटा दहा वर्षांचा. परवा तो शाळेतून आला तेव्हा घराला कुलूप होतं, मी गिरणीत गेले होते. येऊन पाहते तर पोरगं जिन्यात बसून हुंदके देतंय. म्हणाला, मला वाटलं तुम्ही सगळे वर गेलात आणि मी एकटाच राहिलो. पाळकसाहेबांना विचारलं, तर ते पुस्तक अवघड आहे, त्यात पडू नका, असं म्हणाले. मी घरी म्हटलं की हे सगळं प्रतीकात्मक असेल, तर यजमान म्हणाले, म्हणजे तुझा शास्त्रावर विश्वासच नाही. खरं काय धरायचं? शब्दशः की प्रतीक?"

ताई, जय ख्रिस्त.

आधी धाकट्याचं बोलू. बाकीचं चार दिवस थांबेल, ते थांबणार नाही. आज रात्री त्याला जवळ घ्या आणि थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय तेराव्या वचनापासून त्याच्यासोबत वाचा. मेघांत उचलले जाऊन प्रभूला सामोरे जाण्याची गोष्ट इथंच आहे, आणि त्याला भीती घातली गेली तीही इथूनच. आता मागची-पुढची वचनं पाहा. थेस्सलनीकाच्या मंडळीतली, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजातली, काही माणसं वारली होती. मागे उरलेल्यांना घोर लागला होता की प्रभू येईल तेव्हा आपली गेलेली माणसं त्याला मुकतील. त्यांना पौल सांगतो, तसं होणार नाही. मेलेले आधी उठतील, मग आपण सगळे मिळून कायम प्रभूजवळ राहू. आणि शेवटी म्हणतो, या शब्दांनी एकमेकांचं समाधान करा. शोकात बसलेल्या माणसांना धीर द्यायला लिहिलेली ओळ वापरून कुणी एका लहान मुलाला असं घाबरवतं, याचा मला मनस्वी संताप आला. तो तुमच्या यजमानांवर नाही, त्यांना शिकवणाऱ्यावर आहे.

विश्वासणारे गुपचूप उचलले जातील, बाकीचे मागे राहतील आणि मग सात वर्षांचं महासंकट येईल, ही मांडणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाच्या शिकवणीतून पसरली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमुळे जगभर गेली. आज ती इतकी सर्रास ऐकू येते की तीच पहिल्या शतकापासूनची शिकवण असं वाटतं. तसं नाही. मुलाला एवढंच सांगा की येशू मुलांना टाकून जात नाही. आणि शुक्रवारच्या सभेला तो जाणार नाही, हे यजमानांना शांतपणे पण ठाम सांगा. या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या घरात यजमान शब्दशःच्या बाजूला आणि तुम्ही प्रतीकाच्या, अशी वाटणी झाली आहे. मला ती वाटणीच चुकीची वाटते. प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय काढा आणि शेवटची तीन वचनं दोघांनी मिळून सावकाश वाचा. खूण कुठं? उजव्या हातावर किंवा कपाळावर. आकडा कोणता? सहाशे सहासष्ट. आधारच्या मशीनवर बोट टेकवलं तर हातावर काहीच उमटत नाही. आधारचा नंबर बारा अंकी आणि प्रत्येकाचा वेगळा. म्हणजे "आधार हीच ती खूण" असं म्हणणारा माणूस शब्दशः वाचतच नाही. तोही प्रतीकच धरतो आणि त्याचा अर्थ आजच्या बातमीतून आणून लावतो. नवव्या अध्यायातल्या टोळांना हेलिकॉप्टर म्हणणारेही तेच करतात. यजमानांशी बोलायचं तर इथून बोला. त्यांच्या श्रद्धेवर बोट ठेवू नका. प्रतीक दोघंही मानता. त्याचा अर्थ पुस्तकाला विचारायचा की मोबाइलला, एवढाच वाद आहे.

आणि हे पुस्तक विचारलं की सांगतं. पहिल्याच अध्यायाच्या शेवटी ते स्वतः उलगडा करतं की सोन्याच्या सात समया म्हणजे सात मंडळ्या. पाचव्यात, धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. सतराव्यात, श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर, पाणी म्हणजे लोक आणि राष्ट्रं, ती स्त्री म्हणजे पृथ्वीच्या राजांवर सत्ता गाजवणारं मोठं नगर. सात टेकड्यांवर वसलेलं नगर म्हणजे रोम, हे तेव्हाच्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पाचव्या अध्यायातलं दृश्य तर मला या पुस्तकाची किल्लीच वाटते. हे पुस्तक लिहिणाऱ्या योहानाला सांगतात की यहूदा वंशाचा सिंह जिंकला आहे. तो पाहतो, तर समोर कोकरा, वधलेल्यासारखा, सात शिंगं आणि सात डोळे असलेला. येशूला खरोखर सात डोळे आहेत असं आजवर कुठल्याही मंडळीनं मानलेलं नाही, तुमच्या शुक्रवारच्या सभेनंही नाही. तरीही त्या कोकऱ्याइतकं खरं त्या पुस्तकात दुसरं काही नाही.

हे पुस्तक म्हणजे मुळात एक पत्र आहे. पात्म बेटावरून ते आजच्या तुर्कस्तानातल्या सात शहरांच्या मंडळ्यांना गेलं: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया. बहुतेक अभ्यासक ते इ.स. ९५ च्या आसपास, सम्राट डोमिशियनच्या काळात ठेवतात. काही जण सम्राट नीरोनंतरच्या धामधुमीत. त्या शहरांत सम्राटाची देवळं होती. इफिसमध्ये तर डोमिशियनच्याच घराण्याचं देऊळ नवंकोरं उभं होतं. व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या संघांच्या मेजवान्या देवतांच्या नावानं होत. त्यात बसायचं नाही म्हटलं की धंद्यावर गदा. नाण्यावर सम्राटाचा मुखवटा. पुढे एका पिढीनं, इ.स. ११२ च्या सुमारास, शेजारच्या बिथुनियाचा सुभेदार प्लिनी यानं सम्राट त्राजनला पाठवलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती असल्याचा आळ आलेल्यांपुढे तो सम्राटाची मूर्ती ठेवी, धूप आणि द्राक्षारस वाहायला लावी, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायला लावी. जे करत, त्यांना सोडी. तीनदा विचारूनही जे ख्रिस्ताला धरून राहत, त्यांना मृत्युदंड.

आता तेरावा अध्याय पुन्हा वाचा. खूण एकटी येत नाही, तिच्या आधी श्वापदाच्या मूर्तीला नमन आहे. चौदाव्यातही खूण आणि नमन जोडीनंच येतात. म्हणजे खूण ही निष्ठेची गोष्ट आहे, ओळखपत्राची नाही. याला पुस्तकातच आणखी एक दाखला आहे आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. सातव्या अध्यायात देवाच्या दासांच्याही कपाळावर शिक्का मारला जातो, आणि खुणेचं वर्णन संपताक्षणी, चौदाव्याच्या पहिल्याच वचनात, कोकऱ्याबरोबर उभ्या असलेल्यांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा हातावर आणि डोळ्यांच्या मध्ये बांधायला सांगितल्या आहेत, तोच हा धागा. देवाचा शिक्का कुठल्या यंत्रात असेल, असं कुणी शोधत बसत नाही. मग दुसऱ्या खुणेलाच यंत्र कशाला हवं?

सहाशे सहासष्टाचं थोडक्यात. तेव्हा अक्षरांनाच अंकांची किंमत असे आणि नावाची बेरीज करता येई. 'नीरोन कैसर' (नीरोन हे नीरोचं ग्रीक रूप) हिब्रू अक्षरांत लिहिलं की बेरीज ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६१६ आहे. 'नीरोन'मधलं शेवटचं 'न' गाळलं की पन्नास कमी होतात आणि बरोबर ६१६ येतात. सगळ्यांना हे पटतं असं नाही, पण हे गणित पहिल्या वाचकांच्या आवाक्यातलं होतं. आधार नव्हतं.

सहाव्या अध्यायातला काळा घोडाही पाहून घ्या, तो आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला चटकन कळेल. स्वाराच्या हातात तराजू आहे. दिवसभराच्या मजुरीत एका माणसापुरते गहू, म्हणजे कितीतरी पट चढा भाव, आणि वर हुकूम की तेल आणि द्राक्षारस यांना धक्का लावू नको. धान्य नाही, पण द्राक्षमळे सुरक्षित. डोमिशियननं इ.स. ९२ च्या सुमारास धान्यटंचाईमुळे प्रांतांतले निम्मे द्राक्षमळे तोडायचा हुकूम काढला होता, मग तो अमलात आणला नाही, अशी नोंद आहे. काही अभ्यासक हे वचन त्या प्रसंगाशी जोडतात. जोड पक्की असो वा नसो, सार्दीस आणि फिलदेल्फियाच्या द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला हे ऐकताना आपल्याच बाजारातली गोष्ट ऐकल्यासारखं वाटलं असणार, जसं लासलगावचा भाव म्हटला की आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

यावर यजमान म्हणतील, म्हणजे सगळं तेव्हाच संपलं, आपल्यासाठी काही उरलं नाही. नाही ताई. इथं सासूबाईंच्या माहेराची आठवण करून द्या. शरणपूर १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्यांनी वसवलं. ब्रिटिश आरमारानं अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणली जात. ती लिहा-वाचायला शिकत, सुतारकी-लोहारकी शिकत. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये प्रसिद्ध मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा दफनविधीचं वाचन त्यानं केलं. सोबत्यांनी शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणलं, ते घेऊन तो लंडनला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यानं खांदा दिला.

आता प्रकटीकरणाचा अठरावा अध्याय काढा. बाबेल, म्हणजे सतराव्या अध्यायातलं तेच मोठं नगर, पडते आणि तिचे व्यापारी रडतात, कारण त्यांचा माल आता कुणी घेत नाही. मालाची यादी दिली आहे: सोनं, चांदी, रत्नं, मोती, तलम कापड, हस्तिदंत, दालचिनी, धूप, द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ. आणि अगदी शेवटी दास, माणसांचे जीव. सोन्यानं सुरू झालेली यादी माणसांवर संपते. गलबतावर माल म्हणून भरलेल्या मुलांना श्वापद काय, हे समजायला कुठल्या व्हिडिओची गरज नव्हती. त्यांच्यासाठी बाबेल पहिल्या शतकात संपली नव्हती. प्रतीक म्हणून वाचलं तर पुस्तक पातळ होतं, असं यजमानांना वाटत असेल तर ही यादी त्यांना मोठ्यानं वाचायला सांगा. रोम गेलं. पण माणसाला माल समजणारी आणि वर स्वतःची पूजा मागणारी सत्ता पुन्हा पुन्हा उभी राहते, आणि हे पत्र दर वेळी पुन्हा उघडावं लागतं.

यजमानांच्या बाजूचंही सांगायला हवं. शब्दशः वाचणारे मूर्ख नव्हते. दुसऱ्या शतकातले मंडळीचे शिक्षक जस्टिन आणि आयरेनियस विसाव्या अध्यायातलं ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य पृथ्वीवर खरंच येणार असं मानत. जखऱ्या संदेष्ट्यानं सांगितलेला राजा शिंगरावर बसून येईल ही गोष्ट अक्षरशः घडली, मग पुढचंही का घडू नये, हा प्रश्न रास्त आहे. चौथ्या-पाचव्या शतकातले बिशप ऑगस्टिन स्वतः आधी त्याच मताचे होते. नंतर त्यांनी ती हजार वर्षं म्हणजे मंडळीचा चालू काळ असा अर्थ लावला आणि पश्चिमेकडे बहुतेकांनी तोच धरला. ख्रिस्त पुन्हा येईल, न्याय होईल, मेलेले उठतील, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. आपण दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, ते उभं राहून म्हणतो. प्रतीक मानलं की विश्वास गेला, असं म्हणणाऱ्याला निम्म्याहून अधिक मंडळीचा इतिहास बाजूला टाकावा लागेल.

प्रभू कधी येणार याच्या तारखांवर मात्र मी क्षणभरही थांबणार नाही. दिवस आणि घटका कुणालाही ठाऊक नाही, हे मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात खुद्द प्रभूचं बोलणं आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरला. काहींनी पीक शेतातच सोडलं. हॅरल्ड कॅम्पिंगनं २१ मे २०११ सांगितला. लोकांनी जन्माची पुंजी जाहिरातींत घातली. पुढच्या वर्षी त्यानं चूक कबूल केली, पण लोकांची पुंजी गेली ती गेलीच.

पाळकसाहेबांबद्दल. या पुस्तकाला भिणारे ते पहिले नाहीत. मार्टिन ल्यूथरनं १५२२ च्या प्रस्तावनेत त्याच्याबद्दल सरळ नाराजी लिहिली आणि १५३० मध्ये मत बरंच बदललं. कॅल्विननं नव्या कराराच्या बहुतेक पुस्तकांवर भाष्य केलं, यावर नाही. पण पाळकानं हात झटकले की ती जागा रिकामी राहत नाही, शुक्रवारचा उपदेशक ती भरतो. महिला मंडळातर्फे त्यांच्याकडे मागणी करा की निदान दुसरा आणि तिसरा अध्याय, सात मंडळ्यांची सात पत्रं, मंडळीत शिकवा. यजमानांना तिथं बोलवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या.

असं पूर्वी एकदा झालं आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या अर्सिनोए भागात नेपोस नावाच्या बिशपच्या पुस्तकावरून गावंच्या गावं हजार वर्षांच्या शब्दशः राज्यासाठी मंडळीतून फुटत होती. नेपोस तोवर वारले होते. अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस तिथं गेले. वरून फर्मान काढलं नाही. गावोगावचे वडील आणि शिक्षक एकत्र बसवले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन दिवस ते पुस्तक त्यांच्यासोबत तपासलं. नेपोसच्या श्रद्धेची आणि त्यांनी रचलेल्या गीतांची त्यांनी मनापासून स्तुती केली. लोकांनी शांतपणे प्रश्न विचारले, पटलं ते कबूल केलं. शेवटी त्या पक्षाचा पुढारी कोराकियोन यानं सगळ्यांसमोर आपलं मत सोडलं. डायोनिसियस स्वतः म्हणत की हे पुस्तक माझ्या समजेच्या पलीकडचं आहे, पण म्हणून मी ते टाकणार नाही. ताई, तुमच्या घरात याच वळणाचं बोलणं हवं. यजमान रात्री-अपरात्री व्हिडिओ पाहतात ते वाईट माणूस आहेत म्हणून नाही. त्यांना शास्त्राची भूक आहे आणि त्यांच्यासोबत बसून वाचायला कुणी नाही. तुम्ही बसा.

एफडीवर मात्र सही करू नका. दोघांच्या नावावरची ठेव मुदतीआधी मोडायला सहसा दोघांच्याही सह्या लागतात. तुमच्या शाखेत जाऊन तुमच्या ठेवीचा नियम नेमका काय आहे ते उद्याच विचारा. यजमानांना दोन ठिकाणं दाखवा. यिर्मया बत्तीस: यरुशलेमेला वेढा पडलेला, शहर पडणार हे यिर्मयालाच ठाऊक, आणि त्याच वेळी देव त्याला अनाथोथचं शेत विकत घ्यायला लावतो. सतरा शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तोलून दिलं, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, खरेदीखत मातीच्या मडक्यात जपून ठेवलं. दुसरं, मार्काचा सातवा अध्याय: आईबापांच्या हक्काचं द्रव्य 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावावर करणाऱ्यांना येशू किती कडक बोलला आहे ते पाहा. शेवट जवळ आला असं सांगून दुसऱ्याच्या लेकीच्या फीचे पैसे मागणारा माणूस मला भरवशाचा वाटत नाही, आणि हे तुम्ही माझं नाव घेऊन यजमानांना सांगू शकता.

आधारबद्दल त्यांच्या मनात खाजगी माहितीची काळजी असेल तर ती वेगळी आणि वाजवी गोष्ट आहे. त्यावर सुप्रीम कोर्टात मोठा खटला चालला, २६ सप्टेंबर २०१८ ला निकाल लागला आणि आधारच्या वापरावर काही मर्यादाही आल्या. नागरिक म्हणून त्यावर जरूर बोलावं. त्यांचा स्वतःचा ठसा द्यायला त्यांचं मन तयार नसेल तर जबरदस्ती करू नका. पण सासूबाईंचं बोट सासूबाईंचं आहे, पेन्शनही त्यांची. त्यांना स्वतःला विचारा. त्यांनाही ठसा नको असेल तर भांडण वाढवायचं कारण नाही, कारण बँकेच्या शाखेत प्रत्यक्ष जाऊन कागदावर सही करूनही सहसा हयातीचा दाखला देता येतो. नोव्हेंबर संपायची वाट पाहू नका. पेन्शनचं पासबुक आणि पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर सोबत घ्या, सकाळी गर्दी कमी असताना त्यांना रिक्षानं घेऊन जा, आणि दाखला जमा झाल्याची पोच मागून घ्या.